मंडपातली वसुली

महादेवरावच्या वावरात आम्ही कापूस वेचत होतो, त्या दिवशी भागीरथा परत आली.

कार्तिक सरत आला होता. त्या दिवसांत कापसाच्या पऱ्हाटीवर दव असतं तोवर बोटं बधिर होतात, अन् दव उडालं की वाळक्या बोंडांची टोकं नखात घुसतात. अंगात नवऱ्यांचे जुने शर्ट घालून, कमरेला झोळ्या बांधून आम्ही सहाजणी आपापल्या तासाला, म्हणजे ओळीला, लागलो होतो. मीराबाई सगळ्यांच्या पुढं. तिचा हात जसा चालतो तसं तोंडही चालतं. तूर यंदा फुलावर असतानाच आभाळ आलं अन् अर्धा फुलोरा गळला, त्यावरून ती आभाळाला शिव्या घालत होती.

सेलूकडून येणारा ऑटो नाल्याजवळ थांबला. पुलाचा अर्धा भाग पावसात वाहून गेला तेव्हापासून ऑटो तिथंच थांबतो. एक बाई उतरली. तिच्याजवळ चाकांची मोठी पेटी होती. आमच्या रस्त्यावर चाकं कसली चालतात? दोन पावलं ओढून तिनं पेटी उचलली, डोक्यावर घेतली अन् एक हात मोकळा सोडून चालायला लागली. त्या चालण्यावरून मी तिला ओळखलं. पण बोलले नाही.

"कोन वं ते?" कोणी तरी विचारलं. "कोनाची पावनी असन."

मीराबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पावनी नोहे. भागीरथा हाये."

सगळ्यांचे हात थांबले.

"जित्ती हाये का वं बया!"

"नऊ वर्सानं आली."

"कोन्या तोंडानं आली पन?"

भागीरथा वावराच्या धुऱ्याजवळ, बांधाशी आली तेव्हा थांबली. पेटी खाली ठेवली. आमच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं असेल, कोणी तरी हाक मारेल. मीराबाईनं एकदा तिच्याकडं बघितलं अन् पुन्हा वाकून वेचायला लागली. मग सगळ्या वाकल्या. मीही वाकले. कोपराच्या आडून मला तिचे पाय दिसत होते. बराच वेळ ते हलले नाहीत. मग पेटी उचलल्याचा आवाज आला अन् पाय गेले.

आता हे असं का झालं, ते सांगायला पाहिजे.

भागीरथा माझी शेजारीण. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात सून म्हणून आलो. तिचा नवरा लवकर गेला. एकच पोरगी, काजल. भागीरथा सेवाग्रामच्या दवाखान्यात आया म्हणून जायची, म्हाताऱ्या पेशंटांचं सगळं करायची. तिथंच तिला कळलं, की मस्कतला म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला बाया लागतात अन् पगार इथल्या पाचपट मिळतो. नागपूरचा एक एजंट न्यायला तयार होता. पण त्याला आधी पैसे हवे होते.

आमचा दहा बायांचा बचत गट होता. मीराबाई अध्यक्ष. मी दहावीपर्यंत शिकलेली, म्हणून रजिस्टर माझ्याकडं. भागीरथा माझ्याजवळ रडली अन् मी गटासमोर तिच्या बाजूनं बोलले. दहाही जणींनी शेळ्या घेतो असं सांगून बँकेतून कर्ज काढलं, सह्या केल्या, अंगठे लावले, अन् सगळी रक्कम भागीरथाच्या हातात ठेवली. तीन महिने तिचे पैसे बरोबर आले. चौथ्या महिन्यापासून बंद. फोनही बंद.

बँकेचा माणूस दर पंधरा दिवसांनी यायचा. देवळाच्या पारावर बसायचा अन् नावं घेऊन हाका मारायचा. आम्ही नऊजणींनी तीन हंगाम कापूस वेचून ते कर्ज फेडलं. शकुबाईनं हातातल्या चांदीच्या पाटल्या मोडल्या. मीराबाईला पिठाची चक्की टाकायची होती, गटाचं नाव खराब झालं म्हणून तिला कर्ज मिळालं नाही. चक्की दुसऱ्यानं टाकली. आज मीराबाई त्याच चक्कीवर दळण घेऊन जाते. गट मोडला. अन् प्रत्येकीनं मला एकदा तरी म्हटलं, "तूच बोलली होती ना तिच्यासाठी?"

त्या सांजेला मी घरी आले तर भागीरथा माझ्या ओसरीवर बसून होती. नऊ वर्षांत वाळून गेली होती. केस पांढरे झाले होते.

"सुलोचना, घराची किल्ली?"

किल्ली माझ्याकडंच होती. पण मला तिच्याकडं बघवेना, कारण तिच्या घरात मी माझ्या तुराट्या अन् गोवऱ्या भरून ठेवल्या होत्या. इतकी वर्षं. मला वाटलंच नव्हतं ती येईल.

"थांब, मी काढून घेतो माहं सामान."

"राहू दे. सैपाकाले कामी येईन."

कुलूप गंजलं होतं, मला दगडानं ठोकावं लागलं. आत उंदरांनी माती उकरून ढीग केले होते. छपराचे कवेलू सरकून एका कोपऱ्यात पाणी गळलं होतं. ती मधोमध उभी राहिली अन् तिकडच्या भाषेत काही तरी पुटपुटली.

"काय म्हनतं?"

"काई नाई. सवय लागली. तिथं कोनाशी बोलाचं तं हेच बोला लागे."

मी जेव म्हटलं नाही. राग होता माझ्यात. कुलूप तिच्या हातात दिलं अन् घरी आले.

दुसऱ्या दिवसापासून भागीरथा दारोदार फिरायला लागली. एका पिशवीत नऊ पाकिटं. प्रत्येकीच्या वाट्याचे पैसे, अन् वर ते पैसे इतकी वर्षं बँकेत राहिले असते तर जे व्याज झालं असतं तेही. कोणी घेतले अन् दार लावलं. कोणी तिच्यासमोरच मोजले. मीराबाईनं अंगणात मिरच्या पसरता पसरता पाकीट घेतलं, मिरच्यांजवळ ठेवलं अन् पुन्हा मिरच्या पसरायला लागली. भागीरथा उभी राहून राहून निघून गेली.

शकुबाई दोन वर्षांपूर्वी वारली. तिच्या घरी भागीरथा मला घेऊन गेली, एकटीची हिंमत होईना. शकुबाईचा रूपराव बैलांना कडबा टाकत होता.

"तुह्या आईचे पैसे हायेत, रूपराव."

"आई कोठी हाये आता?"

"मले मालूम नोतं रे. काल समजलं."

"पाटल्या मोडून आली तवा चार दिवस हात लपवून फिरत होती," रूपराव म्हणाला. "मरेपर्यंत तुले शिव्या देत होती. खोटं काऊन सांगू?"

"तू बी दे. तुह्या आईच्या वाटच्या तू दे. पन हे घे."

रूपरावनं कडबा खाली टाकला. त्याला वाटलं होतं, ही रडेल, हातापाया पडेल. "शिव्या नाई देत मी," तो म्हणाला अन् पाकीट घेतलं. "पन बस बी नाई म्हनत."

माझं पाकीट तिनं शेवटी दिलं. त्या वेळी मला राहवलं नाही. मी विचारलं, "काय झालं होतं वं तिकडं? काऊन बंद केले पैसे?"

तिनं सांगितलं. ज्या घरी ती लागली होती, तिथली म्हातारी चौथ्या महिन्यात मेली. मालकानं तिला दुसऱ्या गावी बहिणीच्या घरी पाठवलं. पासपोर्ट त्याच्याकडंच. बहीण म्हणायची, पगार एकदम देऊ. दोन वर्षं दिला नाही. फोन काढून घेतला. मग त्या घरातल्या ड्रायव्हरनं मदत केली, पोलिसांपर्यंत गेली, पासपोर्ट मिळाला. त्यानंतर चांगलं घर मिळालं. तिथं पगार वेळेवर मिळायचा.

"म्हनजे पाच-सहा वर्सं तुह्याजवळ पैसे येत होते?"

"हाव."

"मंग धाडले काऊन नाई?"

"भेव वाटे, सुलोचना. थोडे धाडले असते तं तुम्ही फोन केला असता. बाकीचे कोठी, असं विचारलं असतं. काय सांगू मी? मले वाटे, पुरे जमले की मंगच तोंड दाखवीन. एक वर्स झालं, दोन झाले. जितका उशीर झाला तितकं भेव वाढलं. गलती माही हाये. मालकिनीनं दोन वर्सं नाई देले ते तिची गलती. बाकीचे माही."

असं सरळ बोललेलं ऐकून माझा राग कुठं ठेवावा ते मला समजेना.

"अन् काजल?"

"दुर्गेशले फोन केलता. तो म्हने, पोट्टीचं लगन झालं, सुखात हाये, आता तिच्या संसारात तू येऊ नको. उद्या जातो तळेगावले."

दुर्गेश हा तिचा भाऊ. भागीरथा गेली तेव्हा काजल सतरा वर्षांची होती. ती या मामाकडं तळेगावला राहिली अन् त्यानं तिचं लग्न तिथंच अंकुश नावाच्या मुलाशी करून दिलं. त्याचं गॅरेज आहे.

भागीरथा पहाटेच्या गाडीनं गेली अन् दिवस मावळायच्या आत परत आली. मी अंगणात भांडी घासत होते. ती येऊन दगडावर बसली. डोक्यावरचा पदर धुळीनं लाल झाला होता.

"भेटली?"

"भेटली. या म्हने, बसा म्हने. अहो-जाहो करे मले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोरगी हाये तिले चार वर्साची. स्वीटी म्हनते. पोट्टीनं विचारलं, कोन हाये वं आई हे? तं काजल म्हने, गावाकडची बाई हाये."

मी भांडं घासत राहिले.

"माह्या रागात हाये, ते समजते मले. राग पायजेच. पन एक समजलं नाई, सुलोचना. तिचे कान मोकळे होते. माह्या आईचे झुमके मी दुर्गेशजवळ तिच्यासाठी ठेवून गेलती. लगनात घालजो म्हटलं होतं. झुमके कोठी हाये, विचारलं मी. तं तिनं माह्याकडं असं पायलं, जसं मी तिले मारलं. अन् उठून आत गेली. मंग आलीच नाई बाहेर. मी बसून बसून निघाली."

माझ्या हातातलं भांडं तिथंच राहिलं.

मला माहीत होतं झुमके कुठं गेले. आता सांगितलं नाही तर ही पुन्हा तळेगावला जाईल, पुन्हा विचारेल, अन् पुन्हा तिची पोरगी उठून आत जाईल.

"ते आम्ही घेतले, भागीरथा."

"काय घेतले?"

"झुमके. तिच्या लगनाच्या दिवशी. बँकेचा शेवटचा हप्ता रायला होता. आम्हाले वाटलं, लगन हाये म्हनजे तू पैसे धाडले असशीन. मीराबाई मले घेऊन गेली तळेगावले. मंडपात गेलो. मीराबाई सगळ्यांसमोर बोलली, की हिची माय आमचे पैसे बुडवून पळाली, आधी ते द्या अन् मंग अक्षता टाका. वरातीतले लोक उभे रायले. दुर्गेश हात जोडे. अन् काजलनं..."

"काय केलं तिनं?"

"झुमके काढले. माह्या हातात देले."

"तुह्या हातात?"

"हाव."

"हळद लागल्या कानातले?"

मी मान हलवली. ते झुमके आम्ही सेलूच्या सोनाराला विकले. हप्ता भरला. रजिस्टरमध्ये मी 'जमा' एवढंच लिहिलं होतं. नाव लिहिलं नव्हतं. नऊ पाकिटं वाटली गेली तेव्हा हे आठवलं नव्हतं असं नाही. मी बोलले नाही, एवढंच.

भागीरथानं शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. ती दगडावरून उठली. "घरी जा, सुलोचना," असं म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, की आम्ही माझ्याच अंगणात आहोत. तर तीच गेली.

त्यानंतर पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गावातलं तर आधीच कोणी बोलत नव्हतं. नळावर ती आली की बाया आपल्या पाण्याच्या गुंडांकडं बघत राहायच्या. पैसे मिळाले होते सगळ्यांना, तरी. ती एकटी कवेलू चढवायची, एकटी भिंत लिंपायची. सारवून झालं की दाराच्या चौकटीत हात ओले ठेवून बसायची, रस्त्याकडं तोंड करून. रस्त्यानं कोणी येणार नव्हतं. मला दिवसभर ती दिसायची अन् मला काम सुचायचं नाही.

शेवटी मी मीराबाईकडं गेले. ती तूर पाखडत होती.

"मीराबाई, त्या पोट्टीचे झुमके वापस करा लागते."

सूप थांबलं. "कोन्या पोट्टीचे?"

"तुले मालूम हाये."

"अन् माह्या चक्कीचं कोन वापस करते? नऊ वर्सं दुसऱ्याच्या चक्कीवर रांगेत उभी रायतो मी. ते पाकिटात होतं का?"

"पैसे दोनदा घेतले आपन. एकदा पोट्टीकडून, एकदा मायकडून."

"मंग दे तू! मले कायले सांगतं?"

"तूच तं घेऊन गेलती मले मंडपात."

मीराबाईनं सूप खाली आपटलं. तूर अंगणभर उडाली. "मी? मी घेऊन गेलती? सुलोचना, देवाची आन घेऊन सांग. कोन म्हने, लगनाच्या दिवशी गेलो तं नाई म्हनू शकत नाई? कोन म्हने, चारचौघांत मांगू? तू म्हने! गाव तुह्यावर बोट दाखवे म्हनून तू पेटलती. मी नुसतं तोंड वापरलं. तोंड माहं मोठं हाये, म्हनून सगळं माह्या नावावर!"

मी तिथंच बसले. खाली सांडलेली तूर वेचायला लागले, कारण दुसरं काही करता येईना.

ती खरं बोलत होती. मीच म्हटलं होतं. गटाच्या बाया मला घालूनपाडून बोलायच्या, नवरा जेवताना टोमणा मारायचा, अन् एक दिवस माझ्या डोक्यात ते आलं होतं. सहा वर्षं मी स्वतःला मीराबाईनं नेलं, मीराबाईनं नेलं असं सांगत आले होते, अन् मला ते खरं वाटायला लागलं होतं. भागीरथालाही मी तेच सांगितलं होतं.

माझं पाकीट घेऊन मी सेलूला सोनाराकडं गेले. झुमके कसे होते ते मला चांगलं आठवत होतं. खाली तीन बारीक घुंगरू. सोनारानं भाव सांगितला. तेव्हापासून सोनं चौपट झालं होतं. माझ्या सगळ्या पैशांत एका कानाचा अर्धाही झुमका होत नव्हता.

"कानातल्या फुल्या करून देऊ का, बाई? बारीक?" सोनार म्हणाला.

मी नको म्हटलं अन् बाहेर पायरीवर येऊन बसले. बाजाराचा दिवस होता. किती वेळ गेला माहीत नाही. समोर मीराबाई येऊन उभी राहिली. काखेत पिशवी.

"होते का?"

"नाई होत."

तिनं तिचं पाकीट काढलं. भागीरथानं दिलेलं तेच, तसंच बंद. तिनं ते उघडलंही नव्हतं. "हे धर. रूपरावनं बी देलं. म्हने, आईच्या पाटल्या तं येत नाई वापस, कोनाचं तं येऊ दे. बाकी कोनी देत नाई, मी फिरून आली घरोघरी. शिव्या खाऊन आली."

तिन्ही पाकिटं धरूनही कमीच पडले. मग मीराबाई सोनाराशी भांडली. मजुरी कमी कर, घट कमी धर, तू तेव्हाही आम्हाला फसवलं होतं. शेवटी हलके झुमके झाले. पोकळ, पण घुंगरू तीनच.

संक्रांतीनंतरच्या मंगळवारी आम्ही तळेगावला गेलो. वर्ध्याहून आर्वी, आर्वीहून तळेगाव. गाडीत आम्ही दोघी शेजारी बसलो होतो अन् तीन तासांत तीन वाक्यं बोललो नसू. काजलच्या घरी सासूनं हळदीकुंकू ठेवलं होतं. ओसरी बायांनी भरलेली. काजल ताटात तिळाचे लाडू घेऊन बाहेर आली अन् आम्हाला बघून जागच्या जागी उभी राहिली. तिला वाटलं, पुन्हा आल्या.

सासू म्हणाली, "आता काय रायलं हो तुमचं?"

मी बोलायचं ठरलं होतं. गाडीत मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. तोंड उघडलं अन् आवाजच फुटेना. मीराबाईनं माझ्याकडं बघितलं, अन् मग ती बोलली. तेव्हा मंडपात बोलली होती तितक्याच मोठ्यानं. गल्लीतल्या बाया फाटकाशी आल्या.

"आयका बायांनो! सहा वर्सांपहिले आम्ही या पोट्टीच्या मंडपात येऊन तिच्या मायले चोर म्हटलं. हिची माय चोर नाई. तिच्यावर परमुलखात लय बितलं. ते आली, अन् पै-पै देली, व्याजासकट देली. अन् आम्ही या पोट्टीच्या कानातलं घेतलं होतं, ते आम्ही दाबून बसलो. चोर आम्ही हावो. आता कोनी हिले चोराची पोर म्हनलं तं मले सांगजा. मी पुन्हा येईन."

सासूनं मान दुसरीकडं वळवली. मी डबी काजलच्या समोर धरली.

"मीराबाई नोती म्हनत मंडपात जाऊ म्हनून," मी म्हटलं. "मी म्हटलं होतं, काजल. मीच आनलं होतं तिले."

काजलनं डबी घेतली. उघडली नाही. आम्हाला आत स्वयंपाकघरात नेलं. चुलीजवळ उभी राहून ती आमच्याकडं पाठ करून बोलली.

"मावशी, तुम्हाले मालूम हाये का? त्या दिवशी मंडपात माह्या आईकडचं कोनी नोतं. कोनी म्हनजे कोनीच. मामा होता, पन तो सारखा पैशाच्या कामात. अन् तुम्ही दोघी फाटकातून येताना दिसल्या मले. मले इतकं बरं वाटलं होतं. मी बाजूच्या पोट्टीले सांगतलं, पाय, माह्या आईच्या मैतरनी आल्या अक्षता टाकाले."

मीराबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी त्या बाईला कधी रडताना बघितलं नव्हतं. मला रडूही येईना.

"आई काय करते?" काजलनं विचारलं.

"घर सारवते. कवेलू लावते. एकटीच असते."

"बोलते कोनी तिच्याशी?"

"नाई."

"तुम्ही?"

"मी बी नाई."

काजलनं स्वीटीच्या वहीचं एक पान फाडलं, त्यावर फोन नंबर लिहिला अन् माझ्या हातात दिला. "मी नाई येत तिथं. आता नाई. अन् तिनं बी येऊ नये लगेच. पन हा नंबर द्या. दुपारी दोन वाजता मी मोकळी असतो."

आम्ही गावात आलो तेव्हा दिवस कलला होता. मी घरी न जाता सरळ भागीरथाच्या दारात गेले. ती जात्याजवळ डाळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. आधी ते सांगितलं, की मंडपात जायचं माझं होतं, मीराबाईचं नव्हतं. मग बाकीचं.

"सासू होती समोर?"

"होती. अन् गल्लीतल्या बाया बी."

"सगळ्यांनी आयकलं?"

"सगळ्यांनी."

तिनं कागद घेतला. उजेडाकडं धरून आकडे एक एक वाचले. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी उंबऱ्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोवऱ्या घ्यायला तिच्या घरामागं गेले होते. अजूनही माझ्या गोवऱ्या तिच्याकडंच आहेत, आता मागच्या दाराशी रचलेल्या. दोन वाजायला वेळ होता. मागच्या दारातून ती दिसत होती. मांडीवर फोन, बाजूला तो कागद. फोन अजून लावला नव्हता. ती स्वतःशीच बोलत होती, हळूहळू, एखादं पाठ करावं तसं.

"हॅलो. मी भागीरथा बोलतो."

थांबली. मान हलवली.

"हॅलो, काजल? मी गावावरून बोलतो."

पुन्हा थांबली. पदरानं फोनची काच पुसली.

"हॅलो," ती म्हणाली, "मी आई बोलतो." अन् ते कसं वाटतं ते बघत तशीच बसून राहिली.

मी गोवऱ्या तिथंच ठेवल्या अन् पावलांचा आवाज न करता घरी आले.